घर पडतं तो सीन

सिनेमात मरायला माणसं हवी होती, आणि ती खोऱ्यातल्या माणसांसारखी दिसणारी हवी होती. म्हणून कंत्राटदार सरळ वसाहतीतच आला. खोऱ्यातून उठून आलेली बहुतेक घरं शहराच्या या टोकाला दाटीवाटीने राहत होती, त्यामुळे त्याला फार वणवण करावी लागली नाही. नळ-फिटिंगच्या दुकानासमोर पाच-सहाजण उभे होते. त्याने एकेकाचा चेहरा न्याहाळला आणि खूश होऊन म्हणाला, "वा! अगदी असेच चेहरे पाहिजेत. शत्रूचे."

"शत्रूचे म्हणजे कोणाचे?" दुकानाच्या पायरीवर पान्हा पुसत बसलेल्या प्लंबरने विचारलं.

"ते सिनेमात सांगत नाहीत. शत्रू म्हणजे शत्रू."

सगळे हसले. मग कोणीतरी विचारलं, शूटिंग कुठंय? कंत्राटदाराने खोऱ्याचं नाव घेतलं आणि हसणं थांबलं.

प्लंबर तेव्हा पन्नाशी ओलांडलेला होता. दुकानामागच्या खोलीत एकटा राहायचा. लग्नाचं राहून गेलं होतं. का राहून गेलं असं कोणी विचारलं तर तो "गळती काढता काढता वेळच नाही मिळाला" म्हणायचा आणि विषय बदलायचा. तो खोऱ्यातून आला तेव्हा ऐन पंचविशीत होता. ते खोरं दोन्ही देशांच्या नकाशात होतं, दोघांनीही आपापल्या रंगात रंगवलेलं. एका उन्हाळ्यात दोन्हीकडच्या तोफा तिथे येऊन भिडल्या. आठवडाभर वर्तमानपत्रांत बातम्या आल्या, मग दुसरीकडे मोठं युद्ध पेटलं आणि या छोट्या युद्धाकडे बघायला कोणाला सवड राहिली नाही. खोरं मात्र तेव्हापासून बंद होतं. सुरुंग पेरलेले, तारा लावलेल्या. वसाहतीतल्या लोकांनी निदान एकदा घरं बघून येऊ द्या म्हणून किती खेटे घातले, प्रत्येक वेळी एकच उत्तर: सुरक्षित नाही. सिनेमावाल्यांना परवानगी मिळाली. त्यांच्यासाठी तेवढ्या पट्ट्यातले सुरुंगही काढून दिले.

"मी येतो," प्लंबर म्हणाला.

बसमध्ये निघाले तेव्हा सगळी मंडळी सहलीला निघाल्यासारखी गप्पा मारत होती. नाक्यावर सैनिकांनी बस थांबवून प्रत्येकाचा चेहरा बघितला. नाका ओलांडला तसं एकेक जण गप्प होत गेला. रस्ता ओळखीचा होता, पण झाडं अंगावर आली होती. वसाहतीतला म्हातारा सुतार खिडकीला नाक लावून बसला होता. तो मध्येच म्हणाला, "इथे शाळा होती." तिथे आता फक्त गवत होतं.

कपडे मिळाले तेव्हा वसाहतीतल्या लोकांना पहिला धक्का बसला. ते गणवेश कुठल्याच सैन्याचे नव्हते आणि तरी दोन्ही सैन्यांचे होते. टोपी एकाची, पट्टा दुसऱ्याचा. "आपल्याला हाकललं त्यांचेच कपडे घालून आपण मरायचं, होय?" सुतार म्हणाला. कपडेपटातल्या बाईने त्याच्या खांद्यावर टेप लावली. "आजोबा, हात वर करा जरा." त्याने हात वर केले.

पहिले दोन दिवस मजेत गेले, हे खोटं नाही. फाइट मास्टरने सगळ्यांना पडायला शिकवलं. प्लंबर कितीही समजावलं तरी पडताना आधी हात टेकायचा.

"अहो, मेलेला माणूस स्वतःला सावरतो का कधी?" फाइट मास्टर ओरडायचा.

"सवय नाही ना साहेब. पहिल्यांदाच मरतोय."

हल्ल्याच्या सीनला असिस्टंट डायरेक्टर मुलगी कर्णा घेऊन म्हणाली, "तुमच्या भाषेत काहीही ओरडा! फक्त चिडून ओरडा!" मग काय, पन्नास माणसं बंदुका उगारून उतारावरून धावत सुटली. कोणी ओरडत होतं, "जेवण कधी देणार!" कोणी ओरडत होतं, "माझा बूट मोठा होतोय!" सुतार सगळ्यात मागे राहून जिवाच्या आकांताने बोंबलत होता, "गुडघे गेले रे माझे!" मॉनिटरपाशी दिग्दर्शक खूश. "भयंकर," तो म्हणाला, "अंगावर काटा येतो." हे ऐकून खोऱ्यातली माणसं गवतात बसून पोट धरधरून हसली. प्लंबरही हसला. हसता हसता त्याचं लक्ष वर गेलं आणि उताराच्या टोकाला त्याला स्वतःचं घर दिसलं.

घराच्या छपरावर सिनेमावाल्यांनी मोठा अँटेना बसवला होता. भिंतींना काजळी फासली होती. ते खलनायकाचं ठाणं होतं.

त्याने कोणाला सांगायचं नाही असं ठरवलं होतं. पण दुसऱ्या दिवशी असिस्टंट डायरेक्टर त्याला पाणी देत सहज म्हणाली, "काका, तुम्ही सारखं तिकडेच बघता," आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "ते माझं घर आहे."

तिचा चेहरा बदलला. "खरंच?"

"मी आणि माझा मोठा भाऊ. आई-वडील आधीच गेले होते. मग भावाचं लग्न झालं, वहिनी आली, पोरगी झाली. तोफा सुरू झाल्या त्या दिवशी दादाने बायको-पोरीला गाडीत बसवलं आणि पूल ओलांडला. जाताना मला म्हणाला, तू जनावरं सोड आणि मागोमाग ये. मी जनावरं सोडत होतो तेवढ्यात पूल उडाला. मग मी वरच्या वाटेने इकडे आलो, ते तिकडे राहिले."

"मग नंतर?"

"नंतर काही नाही. त्या बाजूला पत्र जात नाही."

मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. चांगली होती ती. पण तिने जे केलं ते तिच्या कामाला शोभेलसं केलं: ती जाऊन दिग्दर्शकाला सांगून आली. दिग्दर्शक स्वतः चालत आला, प्लंबरचा हात दोन्ही हातांत धरून म्हणाला, "विलक्षण आहे हे. तुम्ही गर्दीत नाही मरायचं. दारातल्या पायरीवर तुम्हीच पडायचं. क्लोजअप घेऊ. तुमच्या चेहऱ्यावर जे आहे ते कुठला नट आणणार?"

"आणि घर?"

दिग्दर्शक जरा अडखळला. "त्याची परवानगी आलीय. कागदावर ते पडीक बांधकाम आहे. तुम्हाला वाईट वाटत असेल तर..."

"मला थोडा वेळ आत बसू द्या," प्लंबर म्हणाला.

उजेड सीनला हवा तसा होईपर्यंत त्याला आत बसू दिलं. आत वायरलेसची खोकी होती, भिंतीवर भलत्याच देशाचा नकाशा होता, वर एक झेंडा लावलेला, कुठल्याच देशाचा नसलेला. प्लंबर एका रिकाम्या पेटीवर बसला. त्याला वाटलं होतं, आत पाऊल ठेवताच भडभडून येईल. काहीच आलं नाही. चूल होती तिथे जनरेटरची केबल गुंडाळून ठेवली होती. पोरीचा पाळणा टांगायची कडी तुळईत अजून होती, तिला कोणीतरी बल्ब लटकवला होता. तो त्या बल्बकडे बघत राहिला. मग कोणीतरी हाक मारली, "काका, चला, ऊन आलं."

पायरीवर तो सात-आठ वेळा मेला. शेवटच्या वेळी त्याने हात टेकले नाहीत. फाइट मास्टरने येऊन पाठ थोपटली.

घर मात्र एकदाच पडणार होतं, त्यामुळे चार बाजूंनी कॅमेरे लावले. सगळ्यांना लांब उभं केलं. आवाज आला, पुढची भिंत पोटात कोणी गुद्दा मारावा तशी आत गेली, छप्पर क्षणभर हवेतच राहिलं आणि मग खाली बसलं. धुरळा त्यांच्यापर्यंत आला. युनिटच्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. प्लंबरच्या लक्षात आलं की आपणही वाजवतोय. त्याने हात खिशात घातले.

वर्षभराने सिनेमा लागला. वसाहतीतले लोक एकत्र बघायला गेले, आरडाओरडा करून आपापलं मरण एकमेकांना दाखवून आले. प्लंबर त्यांच्याबरोबर गेला नाही. मधल्या एका दुपारी दुकान मालकाला सांगून तो एकटाच गेला. थिएटर निम्मं रिकामं होतं. पडद्यावर सुरुवातीला नकाशा आला, त्यात खोऱ्याला कुठलं तरी बनवलेलं नाव होतं. नदीही उलट्या बाजूला वाहत होती. हीरोने मोटरसायकलवरून खोरं पालथं घातलं आणि प्लंबरला कळेना, दोन डोंगरांपलीकडचं वळण एकदम गावाच्या वेशीत कसं आलं. मग ठाणं आलं. पायरीवर तो स्वतः आला. पडद्यावर त्याचा चेहरा घराएवढा मोठा झाला. त्याने तोंड उघडलं आणि त्यातून दुसऱ्याच कोणाची तरी किंकाळी निघाली, घोगरी, रेड्यासारखी. तो खुर्चीत दचकला. मागोमाग घर पडलं. ते तीनदा पडलं, तीन बाजूंनी, हळूहळू. पुढच्या रांगेतल्या पोरांनी शिट्ट्या मारल्या.

शेजारी एक गृहस्थ पॉपकॉर्न खात बसला होता. प्लंबर त्याच्याकडे वळून हळूच म्हणाला, "ते माझं घर आहे."

"अं?"

"आत्ता पडलं ते. माझं घर."

गृहस्थाने त्याच्याकडे पाहिलं, मग हसून पॉपकॉर्नचा पुडा पुढे केला. "काही पडत बिडत नसतं हो. सगळं कॉम्प्युटरवर करतात."

प्लंबरने दोन दाणे उचलले, थँक यू म्हणाला. मध्यंतर झालं तेव्हा तो उठून खोलीवर आला. त्या दिवसांत त्याला कामात काही गोडी राहिली नाही. लोकांच्या घरी सिंकखाली आडवं पडून तो कितीतरी वेळ तसाच राहायचा. बायका वाकून विचारायच्या, "काय झालं, मोठं काम आहे का?"

त्यानंतर बऱ्याच महिन्यांनी एका रविवारी दुपारी फोन वाजला. नंबर लांबलचक होता.

"हॅलो?" बाईचा आवाज, वयस्क. "सिनेमात पायरीवर पडतो, तो माणूस तुम्हीच का?"

"हो, मीच. का?" नवी गिऱ्हाइकं हल्ली आधी हेच विचारायची.

पलीकडे नुसता श्वास ऐकू आला. मग ती अगदी हळू म्हणाली, "अहो..."

"बोला ना. कुठे गळतंय?"

प्लंबरला वाटलं लाइन गेली. मग ती खोऱ्यातल्या बोलीत म्हणाली, "मी त्या घरातली. कंत्राटदाराकडून नंबर काढला. तुम्ही त्या घरातलेच ना?"

ती बोली, तो हेल. तो खाटेवर बसला. "वहिनी?"

"भावजी," ती म्हणाली. आवाज खाली गेला होता, दमल्यासारखा. "भावजी होय. जिवंत आहात म्हणायचं."

या नावाने त्याला हाक मारणारं इतक्या वर्षांत कोणी नव्हतं. तो रडला, फोन तोंडापासून लांब धरून. मग विचारलं, "दादा?"

"ते गेले. इकडे आल्यावर काही वर्षांनी. ताप आला, त्यात गेले. त्रास झाला नाही."

तिने पुढचं भराभर सांगितलं. मुलीचं लग्न झालं, तिला एक मुलगा. त्या नातवानेच मोबाइलवर सिनेमा लावला होता. सिनेमा तिकडेही पोचला होता. हीरो आपला आणि मरणारे पलीकडचे, असं दोन्ही देशांतले लोक समजले. दोन्हीकडे शिट्ट्या पडल्या.

"आणि घर? ते खरंच पाडलं का हो?"

प्लंबरने समोरच्या भिंतीकडे पाहिलं. तिथे पाइपांच्या कंपनीचं कॅलेंडर होतं. "नाही हो," तो म्हणाला. "घर कसं पाडतील? पुढे पुठ्ठ्याचं उभं केलं होतं, ते पाडलं. आपलं मागे तसंच आहे."

"छप्पर?"

"छप्परही."

"तुळईतली कडी?"

"आहे की."

तेव्हापासून दर रविवारी दुपारी फोन येऊ लागला. प्लंबर त्या दिवशी कामं घेत नसे. अंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून खाटेवर बसायचा, जसं कोणी भेटायलाच येणार आहे. बोलायला फारसं काही नसायचं. आज काय केलं जेवायला, पाणी येतं का, गुडघे कसे आहेत. मग वहिनी घराकडे यायची. खिडकीतून वारा येत असेल का? मागच्या दाराची बिजागरी करकरत होती, ती कोणी बघितली का? आणि तो सांगायचा. वारा येतो. बिजागरी गंजलीय, पण दार आहे. सांगता सांगता ते घर त्यालाही दिसू लागलं होतं. सोमवारी कामावर जाताना त्याला क्षणभर खरंच वाटायचं, ते तिथे उभं आहे.

एका रविवारी वहिनीचा आवाज वेगळाच लागला, तरुण. "भावजी, जावई म्हणतोय अर्ज करू. म्हाताऱ्या माणसांना एक दिवस सोडतात म्हणे आता. सिनेमावाल्यांना सोडलं, मग आम्हाला का नाही? मला फक्त घरात बसून यायचंय. तुम्ही तिकडून या."

"वहिनी, अर्ज नका करू."

"का?"

"घर नाहीये. पुठ्ठ्याचं वगैरे काही नव्हतं. आपलंच होतं ते. मी समोर उभा होतो. मी तुमच्याशी खोटं बोललो."

मग ती म्हणाली, "बरं," आणि फोन बंद झाला.

पुढच्या रविवारी फोन आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. प्लंबरने लावून बघितला, वाजून वाजून थांबला. त्याला वाटलं, संपलं. घर एकदा पाडलं ते सिनेमावाल्यांनी, दुसऱ्यांदा आपण. तो रविवारीही कामं घेऊ लागला. माणसं म्हणायची, प्लंबर हल्ली बोलत नाही.

मग एकदा, तो जेवून ताट घासत असताना, फोन वाजला. त्याने ओल्या हातानेच उचलला.

"भावजी, मी सांगते ते आधी ऐका. मध्ये बोलू नका."

"बरं."

"ते तापाने नाही गेले. पूल ओलांडून आलो, त्यांनी मला आणि पोरीला झाडाखाली बसवलं. म्हणाले, धाकटा अजून आला नाही, त्याला घेऊन येतो. पुलावरून परत गेले. त्यानंतर पूल उडाला. मी त्यांना पुन्हा पाहिलं नाही. जिवंत की मेलेले, कोणी सांगितलं नाही. कोणाला विचारायचं? त्या युद्धात कोण मेलं ते कुठेच लिहिलेलं नाही. दोन्हीकडचे म्हणतात, आमच्या बाजूला कोणी मेलं नाही."

प्लंबर भिंतीला टेकला. दादा त्याला शोधायला आला होता. पूल उडाला तसा तो वरच्या वाटेला लागला होता. एकाच गावात, एकाच दुपारी, दोघं एकमेकांना चुकले होते.

"पहिल्याच फोनवर हे कसं सांगणार? तुम्हाला वाटलं असतं, तुमच्यापायी गेले. म्हणून ताप सांगितला. आणि दुसरं सांगते. नातवाने सिनेमा लावला तेव्हा मी घराकडे बघितलंच नाही. पायरीवर तुमचा चेहरा आला, मोठा. ते म्हातारे झाले असते तर असेच दिसले असते. अगदी तशीच कपाळावरची आठी. मी नातवाला म्हटलं, थांबव. तो चेहरा तसाच ठेवून मी बसले. महिनाभर कंत्राटदाराला फोन लावत होते. तुम्ही उचललात तेव्हा मी 'अहो' म्हटलं होतं."

"मी म्हटलं, कुठे गळतंय," प्लंबर म्हणाला.

वहिनी हसली. मग ते हसणं मोडलं आणि ती बराच वेळ रडत राहिली. तो फोन कानाला लावून तसाच उभा राहिला. सॉरी म्हणावंसं वाटलं, दादाबद्दल, घराबद्दल, आपला चेहरा दादासारखा निघाला त्याबद्दल. थोड्या वेळाने तिने नाक पुसल्याचा आवाज आला.

"भावजी, तुम्ही तिथे इतके दिवस होता. काही दिसलं का? त्यांचं?"

"नाही, वहिनी. तारेच्या पलीकडे जाऊ देत नव्हते. नदीकडे तर नाहीच. मला माहीत असतं तर..." तो थांबला. "काहीच दिसलं नाही."

"माहीत होतं मला. तरी सांगा. जे दिसलं तेच सांगा, जसं दिसलं तसं. सजवू नका."

त्याने नळ बंद केला, हात पुसले आणि खाटेवर बसला. नाक्यापासून सुरुवात केली. झाडं किती वाढलीत, शाळेच्या जागी गवत कुठपर्यंत आहे, रस्त्यावर कुठे कुठे तारा आहेत आणि कुठून नदीचा नुसता आवाज येतो. देवळाची भिंत एका बाजूने उभी आहे. वेशीतला दगड आहे. घराच्या वाटेवर काटेरी झुडपं झालीत, त्यातून सिनेमावाल्यांनी ट्रक जाण्यापुरती वाट पाडली होती. वहिनी मधून मधून हुंकार देत होती.

"मग चढ संपला की डावीकडे गोठा," तो म्हणाला.

"थांबा. गोठ्याचं दार उघडं होतं की लावलेलं?"

"दारच नव्हतं, वहिनी. नुसती चौकट."

"बरं," ती म्हणाली. "पुढे सांगा."